सिस्टिक फायब्रोसिसच्या लेकराला काढा-चूर्ण द्यावं का? परभणीहून विचारतेय

दुधनाकाठ
नमस्कार. बरेच दिवस इथलं वाचते, लिहिते आज पहिल्यांदाच.

माझी लेक सात वर्षांची आहे. आठ महिन्यांची असताना ऐन मे महिन्यात सारख्या उलट्या, अंग गळून गेलेलं. दवाखान्यात नेली तर रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड सगळं खाली. सलाइन लावलं, तरतरीत झाली, घरी आणली. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. वर्षभर कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं पोट बिघडलं, मध्ये टीबीची औषधंही सुरू झाली. पापी घेतली की ओठाला मीठ लागतं, हे मी दोन डॉक्टरांना सांगितलं होतं. शेवटी पुण्याला घामाची तपासणी झाली. क्लोराइड साठच्या वर गेलं की सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार समजतात, हिचं त्याच्या कितीतरी पुढं होतं.

आता रोज सकाळ-संध्याकाळ नेब्युलायझर, पाठ थोपटणं, प्रत्येक जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल, जीवनसत्त्वं, आठवड्यात तीन दिवस अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक. खोकला तरी असतोच. गंगाखेडकडे आमच्या मामंजींचे चुलतभाऊ आहेत, जडीबुटी देतात. मोठे सज्जन आहेत, पैसा घेत नाहीत. त्यांनी काढ्याची पुडी पाठवली आहे: ज्येष्ठमध, अडुळसा, तुळस, पिंपळी. सोबत काळ्या भस्माच्या एकेचाळीस पुड्या. पथ्य असं की तूप-दूध बंद, मीठ अगदी कमी. सासूबाईंचा खूप विश्वास आहे. काढा आठ दिवसांपासून सुरू केलाय, भस्म अजून दिलं नाही.

दोन्ही औषधं बरोबर चालतील का? जाणत्यांनी सांगा.

मांजरा
ताई, सगळं उचला आणि उकिरड्यावर टाका. इतक्या मोठ्या आजारात हे प्रयोग करायचे नसतात.

औषधवाला_नांदेड
माझं औषधांचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. ताई, बाकी चर्चा होत राहील, आधी तीन गोष्टी आजच करा. भस्माला हात लावू नका. मीठ आणि तूप कमी करू नका. आणि ज्येष्ठमधाचा काढा थांबवून डॉक्टरांना फोन करा, पोटॅशियम तपासायचं का ते विचारा.

कारण सांगतो. ज्येष्ठमधात ग्लिसिरायझिन नावाचं द्रव्य असतं. रोज, बरेच दिवस पोटात गेलं की शरीर लघवीतून पोटॅशियम बाहेर टाकायला लागतं. निरोगी माणसातही पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. तुमच्या लेकीला लहानपणी जे झालं तेच मुळात मीठ आणि पोटॅशियम उतरण्याचं होतं. घसा धरला म्हणून एखादी काडी चघळणं आणि रोज वाटीभर काढा, यांत फार फरक आहे.

दुधनाकाठ
भाऊ, वाचून हातपाय गार पडले. काढा आत्ताच थांबवला. सकाळी फोन करते.

अंबाजोगाईकर
मला स्वतःला सिस्टिक फायब्रोसिस आहे. वय चोवीस. सतराव्या वर्षी निदान झालं, तोवर मी 'दमेकरी' म्हणून ओळखला जायचो.

मांजरा दादा, तुमची तळमळ कळते, पण 'उकिरड्यावर टाका' म्हटलं की घरात काय होतं ते मी पाहिलंय. औषध बंद होत नाही, लपून सुरू राहतं. माझ्या वडिलांनी आजीला असंच दरडावलं होतं. आजी मग मला गोठ्यात बोलावून पुडी द्यायची. पंधरा वर्षांचा होतो. शेजारच्या जिल्ह्यातून कुठूनतरी 'दम्याची रामबाण पुडी' यायची, पांढरी, थोडी कडवट. खरं सांगतो, चार दिवसांत जादू झाली. भूक लागली, खोकला कमी, तोंड गोल गरगरीत. आजी सगळ्या गल्लीला सांगायची, नातवानं कसं बाळसं धरलं.

चार महिन्यांनी पुड्या संपल्या, आणायला कुणी गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी मोरीत कोसळलो. रक्तदाब लागेना. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काही पुडी-बिडी घेत होतास का, तेव्हा आजी ढसाढसा रडायला लागली. पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं होतं. महिनोन्‌महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर आपलं स्वतःचं बनवणं सोडून देतं, आणि एकदम तोडलं की असं होतं.

आजीची चूक होती असं मला आजही वाटत नाही. तिला कुणी समजावून सांगितलंच नव्हतं, नुसतं दरडावलं होतं.

मांजरा
भावा, हे माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. टाकू नका, डॉक्टरांना दाखवा.

लातूरची_वैद्य
मी आयुर्वेदाची पदवीधर आहे, लातूर जिल्ह्यात तेरा वर्षं दवाखाना चालवते. माझ्या शास्त्रावर माझं प्रेम आहे, म्हणूनच लिहिते.

'कफाचा आजार, कफाचं औषध' इतका हा सरळ मामला नाही. या मुलांचा कफ थंडीनं, दह्यानं किंवा केळानं झालेला नसतो. पेशीच्या भिंतीत क्लोराइड ये-जा करायचं एक दार असतं, सीएफटीआर म्हणतात. ते ज्या जनुकामुळे तयार होतं तो जनुक १९८९ मध्ये सापडला. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेला जनुक आला तर हे दार नीट बनत नाही, बनलं तर उघडत नाही. मीठ अडलं की पाणीही अडतं. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर पाटाला पाणी कमी पडलं की गाळ बसतो, तसा फुप्फुसात आणि स्वादुपिंडात गाळ बसतो. आपण आल्याचा रस पाजून ते दार दुरुस्त करू शकत नाही. उष्ण औषधांनी कफ 'सुकवायला' गेलो तर उलट अपाय. या लेकरांचा कफ पातळ व्हायला हवा, सुकायला नको.

पथ्याचं तर मला फार लागलं. तूप बंद, दूध बंद, मीठ कमी! या मुलांना इतर मुलांच्या सव्वा ते दीडपट उष्मांक लागतात. स्वादुपिंडाचा रस आतड्यात पोचत नाही म्हणून कॅप्सूल द्यायची आणि वर तूप-लोणी चांगलं चारायचं. घामातून मीठ वाहून जातं, त्यात परभणीचा उन्हाळा. पथ्यानंच या लेकराचं सगळ्यात जास्त नुकसान झालं असतं.

भस्माबद्दल औषधवाले भाऊ बरोबर बोलले. ग्रंथात भस्म करायची रीत मोठी काटेकोर आहे, पण कागदाच्या पुडीत बांधलेल्या काळ्या भुकटीत काय आहे हे मी तरी डोळ्यांनी सांगू शकत नाही. २००४ मध्ये अमेरिकेत बोस्टन भागातल्या दुकानांतली आयुर्वेदिक औषधं तपासली होती, पाचातल्या जवळपास एकात शिसं, पारा किंवा अर्सेनिक निघालं. तीही डबाबंद औषधं.

हुरडा_प्रेमी
मॅडम, मग अडुळसा, सितोपलादी वगैरे पण नाही का? आमच्याकडे तर सर्दीला सितोपलादी म्हणजे घरचंच.

लातूरची_वैद्य
अडुळसा चांगली वनस्पती आहे. खोकल्याच्या आधुनिक औषधांतलं ब्रोमहेक्झिन हे अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच पुढं बनवलेलं. पण म्हणूनच तिला औषध समजायचं आणि औषधासारखं विचारून घ्यायचं. गरोदर बाईनं तर अडुळसा घेऊच नये.

सितोपलादीचं प्रमाण पाहा: सोळा भाग खडीसाखर, आठ वंशलोचन, चार पिंपळी, दोन वेलदोडा, एक दालचिनी. म्हणजे निम्म्याहून जास्त साखर. मोठेपणी या रुग्णांतल्या बऱ्याच जणांना मधुमेह होतो, तो स्वादुपिंडामुळेच. इन्सुलिन घेणाऱ्याला चमचा-चमचा सितोपलादी मधातून दिली तर साखर कुठून वाढते ते घरात कुणालाच कळत नाही.

बिंदुसरा
अस्सलाम अलैकुम, नमस्कार. बीडहून. माझा पुतण्या पाच वर्षांचा, त्यालाही हाच आजार. थोडा वेगळा मुद्दा आहे, पण दुधनाकाठ ताईंना उपयोग होईल.

त्या एन्झाइमच्या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात हे कळलं तेव्हा आमच्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही म्हणा ना. कुणीतरी पपईच्या एन्झाइमच्या गोळ्या आणून दिल्या, शंभर टक्के शाकाहारी म्हणून. तीन आठवडे त्या दिल्या. पोराच्या शीवर तेल तरंगायचं, पोट नगाऱ्यासारखं, वजन दीड किलो उतरलं. डॉक्टरांनी समजावलं की पपईतलं द्रव्य प्रथिनं फोडतं, चरबी फोडणारं लायपेज त्यात नसतं, आणि पोराला खरी गरज लायपेजचीच आहे. मग भाईजान मौलानांना भेटायला गेले. ते म्हणाले, जीव वाचवायला दुसरा इलाज नसेल तर हे औषध आहे, अन्न नाही, बेशक द्या. त्या दिवसापासून पुन्हा सुरू.

दुधनाकाठ
बिंदुसरा भाऊ, आमचं घर माळकरी आहे. मी हे सासूबाईंना आजवर सांगितलेलं नाही. दरवेळी कॅप्सूल उघडून दाणे सफरचंदाच्या गरात घालते तेव्हा मनात काहूर असतं.

निवृत्त_गुरुजी
बाई, मीही माळकरी, हिंगोलीचा. वय त्र्याहत्तर, चाळीस वर्षांची वारी. लेकराच्या मुखात औषध जातंय, तिथं विटाळ कसला? सासूबाईंना सांगून टाका. त्यांना कळेल. माळकरी माणूस तुम्हाला वाटतो तितका कठोर नसतो.

खाम
मी संभाजीनगरात फिजिओथेरपिस्ट आहे, छातीच्या रुग्णांचंच काम करते. योग-प्राणायामाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

जोडीला घ्यायचंच असेल तर इथं खूप काही आहे. अनुलोम-विलोम, भ्रामरी, सूर्यनमस्कार, दोरीवरच्या उड्या, अंगणात पळणं, सगळं चांगलं. कफ हलतो, फासळ्या मोकळ्या होतात. फक्त हे पाठ थोपटण्याच्या आणि नेब्युलायझरच्या जागी नको, त्यांच्या जोडीला. कपालभाती मात्र विचारल्याशिवाय नको. कफातून रक्त आलेलं असेल किंवा फुप्फुसाबाहेर हवा साठण्याचा त्रास कधी झाला असेल तर मुळीच नको.

मुलांना मी 'आरशावर वाफ' शिकवते. मध्यम श्वास घ्यायचा, तोंड उघडं ठेवून 'हाऽऽ' करत आरसा धुरकट करायचा, गालानं फुंकायचं नाही. दोनदा केलं की घशाजवळ कफ खुळखुळतो, मग एकच खोकला. दहा वेळा ठसकत बसण्यापेक्षा यानं लेकरू कमी थकतं.

तिळाच्या तेलानं पाठ-छाती चोळायला हरकत नाही. पण नाकात तेल सोडू नका. लहान मुलांच्या नाकात सोडलेलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो, निरोगी बाळांनाही होतो. आणि नेब्युलायझरमध्ये निलगिरीचं तेल, कापूर, ओव्याचा अर्क काही म्हणजे काही घालायचं नाही. कापूर आणि निलगिरी पोटात गेली तर लहान मुलांना झटके येतात. नेब्युलायझरच्या भांड्यात डॉक्टरांनी लिहून दिलेलंच औषध. वापरून झालं की साबणानं धुवा, पाच मिनिटं उकळा, हवेवर पूर्ण वाळू द्या. ओलं तसंच पिशवीत ठेवलं की त्यात स्यूडोमोनास वाढतो, आणि हा जंतू या मुलांच्या फुप्फुसात एकदा घर करून बसला की हलता हलत नाही.

हुरडा_प्रेमी
आमच्यात लहान बाळाला ओवा-बाळंतशोपांची धुरी देतात. ती चालते का?

खाम
धूर कसलाच नको. धुरी, उदबत्ती, धूप, चूल, तंबाखू, कशाचाच नको. देवाला फूल वाहा, समई लावा.

जलनेतीचं कुणी विचारेल म्हणून आधीच सांगते. सायनस धुतल्यानं या मुलांना बरं वाटतं, डॉक्टरही सुचवतात, पण पाणी उकळून गार केलेलं हवं आणि भांडं दरवेळी स्वच्छ. हंड्यातलं किंवा बोअरचं पाणी नाकात घालू नका.

मोसंबी_बाग
जालन्याहून. माझी बहीण अमेरिकेत असते, तिच्या मुलाला हा आजार आहे. त्याला तीन औषधं एकत्र असलेली ती नवी गोळी चालू आहे, एलेक्साकाफ्टर-टेझाकाफ्टर-आयव्हाकाफ्टर, २०१९ मध्ये तिकडं मंजूर झाली ती. वैद्य मॅडम म्हणाल्या ते दार उघडायला लावणारी. पोराचा खोकला महिनाभरात निम्म्यावर आला.

आई इकडून दरवर्षी पार्सल पाठवायची: वसमतची हळद, च्यवनप्राश, आणि त्या वर्षी कुणीतरी सांगितलं म्हणून हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, मिरीचा अर्क घातलेल्या. बहिणीनं आपल्या साध्या सवयीनं क्लिनिकला फोटो पाठवला. तिथल्या औषधतज्ज्ञ बाईंनी लगेच कॅप्सूल थांबवायला सांगितल्या. मिरीतलं पायपरिन यकृतातल्या ज्या यंत्रणेला मंदावतं त्याच यंत्रणेतून ही गोळी शरीराबाहेर जाते, शिवाय गोळीनं यकृताचे आकडे वाढू शकतात आणि हळदीच्या अर्कानंही काही जणांच्या यकृताला सूज आलेली आहे. दोन्ही एकत्र कशाला, असं त्या म्हणाल्या. आमटीतली हळद खुशाल खाऊ द्या म्हणाल्या.

ग्रेपफ्रूटही चालत नाही. आईनं घाबरून विचारलं, मग आपली मोसंबी? बाग आमचीच, पोर सुट्टीत आलं की झाडाखालीच असतं. मोसंबी गोड संत्र्याच्या कुळातली, तिच्यावर बंदी नाही. पपनस मात्र ग्रेपफ्रूटच्या जवळचं, ते टाळायचं.

आईनं हौसेनं केलेली एक गोष्ट मात्र तिथल्या डॉक्टरांना फार आवडली. ही गोळी चरबी असलेल्या अन्नाबरोबर घ्यावी लागते, नाहीतर अंगी लागत नाही. आईनं सांगितलेलं, गोळीबरोबर तूप माखलेली गरम पोळी. आजही पोरगं तेच खातं.

औषधवाला_नांदेड
मोसंबी ताईंच्या मुद्द्याला जोडून. उलटा प्रकारही असतो. काही औषधं आणि वनस्पती यकृताची यंत्रणा इतकी पळवतात की गोळीचा असरच राहत नाही. टीबीचं रिफॅम्पिसिन हे त्याचं मोठं उदाहरण. परदेशात मन उदास असलं की सेंट जॉन्स वॉर्ट नावाची वनस्पती घेतात, तीही तशीच. इकडं ती फारशी मिळत नाही, पण ऑनलाइन मागवणारे आहेत.

गुळवेलीचंही लिहून ठेवतो, कारण कोरोनापासून घराघरात शिरली आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली, वाद झाला. मी दुकानदार, त्या वादाचा निकाल मी देणार नाही. पण ज्याचं यकृत आजारामुळे आधीच नाजूक असू शकतं, त्या लेकराला मी गुळवेल देणार नाही.

निवृत्त_गुरुजी
हळदीचा विषय निघाला म्हणून विचारतो. नातवानं मोबाइलवर वाचून दाखवलं होतं की हळदीनं हा आजार बरा होतो.

लातूरची_वैद्य
गुरुजी, ते अगदी हवेतलं नाही. २००४ मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात हळदीतल्या कर्क्युमिननं ते बिघडलेलं दार सुधारल्यासारखं दिसलं होतं. मीही तेव्हा हुरळले होते. पुढं इतर प्रयोगशाळांना तो परिणाम पुन्हा मिळाला नाही, माणसांत फायदा सिद्ध झाला नाही. लसणाचंही तसंच. स्यूडोमोनासचं आपसातलं बोलणं लसूण तोडतो असं प्रयोगशाळेत दिसलं, रुग्णांवरच्या छोट्या अभ्यासात ठोस लाभ दिसला नाही. ठेच्यात खा, आमटीत घाला. औषध म्हणून कॅप्सूल नको.

अंबाजोगाईकर
उन्हाळ्याचं माझ्याकडून ऐका. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला उष्णतेची मोठी लाट आली तेव्हा उन्हानं कोसळून दवाखान्यात आलेल्या लेकरांत याच आजाराची मुलं बरीच निघाली. त्यावरूनच पुढं घामातल्या मिठाचा शोध लागला. आपल्याकडं तशी लाट दरवर्षी येते.

मी मार्च ते जून खिशात ओआरएसची पाकिटं ठेवतो. डॉक्टरांनी दिवसाचं मीठ ठरवून दिलंय. सकाळी ज्वारीची आंबील, मीठ जरा जास्त, वर ताक. शेंगदाण्याची चटणी, लोणचं, पापड, मला सगळ्याची मुभा आहे, मित्र जळतात. आंबील हीच माझी गावठी थेरपी, आणि ती डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेली आहे. त्यांनी स्वतः लिहिली.

आणखी एक. आमच्या मळ्यात कांद्याची चाळ आहे, तिकडं मी फिरकत नाही. कांदा सडवणारा एक जंतू आहे, बुर्खोल्डेरिया सेपेशिया, १९५० मध्ये सडक्या कांद्यातच सापडलेला. आमच्या फुप्फुसाला तो फार वाईट. बुरशी आलेला ओला कडबा, शेणखताचा ढीग उकरणं, हेही टाळतो. गोठ्यात आजी आता मला येऊच देत नाही.

बिंदुसरा
भाऊ, तुम्हाला भेटायला येऊ का पुतण्याला घेऊन? तो मोठ्या माणसात हा आजार कधी पाहिलाच नाही. त्याच्या अम्मीला वाटतं असं मोठं कुणी होतच नाही.

अंबाजोगाईकर
यायला नको भाऊ, वाईट वाटून घेऊ नका. आम्हा दोघांना एकमेकांचे जंतू लागू शकतात, म्हणून हा आजार असलेल्यांनी एकमेकांपासून किमान सहा फूट लांब राहायचं असतं, एका खोलीत तर नकोच. व्हिडिओ कॉल करा. आज रात्री नऊला मोकळा आहे. अम्मीला सांगा, मी बी.एस्सी. झालोय आणि गावात क्रिकेटमध्ये पहिल्या फळीत खेळतो.

बिंदुसरा
झाला कॉल. वहिनी मोबाइल सोडेना. शुक्रिया भाऊ.

मांजरा
दुधनाकाठ ताई, काय झालं पुढं? डॉक्टर भेटले का?

दुधनाकाठ
भेटले. उशीर झाला लिहायला, सविस्तर लिहिते.

वैद्य मॅडम आणि अंबाजोगाईकर भाऊंचं वाचून मी एक कापडी पिशवी घेतली. घरात लेकीच्या नावानं जे जे होतं ते सगळं त्यात भरलं. काढ्याची पुडी, भस्म, च्यवनप्राश, हिंगाष्टक, छातीला लावायचा बाम, शेजारच्या काकूंनी दिलेल्या होमिओपॅथीच्या बाटल्या. सासूबाई हे बघत होत्या. मग आत जाऊन त्यांनी तांदळाच्या डब्यामागून एक छोटी डबी आणून पिशवीत ठेवली. त्यातून त्या दोन महिने रोज रात्री लेकीला एरंडेलाचं बोट चाटवत होत्या, पोट साफ राहावं म्हणून. मला माहीतच नव्हतं. मी काही बोलले नाही. म्हटलं, तुम्हीच चला माझ्यासोबत.

डॉक्टर चिडले नाहीत. एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली आणि सासूबाईंशीच बोलले. पोटॅशियम ३.१ आलं. भस्म, ज्येष्ठमध, एरंडेल बंद. अडुळसा सध्या नको म्हणाले, आधी आकडे जागेवर येऊ द्या. भस्म खाल्लेलं नव्हतं म्हणून शिशाची तपासणी केली नाही. हळद-दूध, तुळशीचा चहा, पाठीला तिळाचं तेल, हे राहू द्या म्हणाले. पोटॅशियमचं औषध पंधरा दिवसांसाठी. यापुढं नवीन काही द्यायचं झालं तर आधी पुडीचा फोटो पाठवायचा.

येताना एसटीत मी सासूबाईंना कॅप्सूलचं सांगून टाकलं, डुकराचं. जिंतूर येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इतके दिवस एकटीनंच वागवलंस का गं माय हे." दुसऱ्या दिवशी दाणे गरात त्यांनीच घातले.

गंगाखेडच्या काकांना मीच फोन केला. ते बराच वेळ गप्प होते. म्हणाले, "पोरीच्या अंगातून मीठ जातं हे मला कुणी सांगितलंच नाही बाई. मला सांगितलं खोकला आहे, मी खोकल्याचं दिलं."

लातूरची_वैद्य
काकांना माझा नमस्कार सांगा. हे त्यांनी बोलून दाखवलं, याला मोठं मन लागतं.

औषधवाला_नांदेड
ताई, आता सासूबाईंना नेब्युलायझरजवळ बसवा. घरातलं मोठं माणूस कामाला लागलं की निम्मी पुडी आपोआप बंद होते, हा माझा दुकानातला अनुभव.

दुधनाकाठ
बसतात हो. संध्याकाळची पाठ त्याच थोपटतात, हाताचा द्रोण करून, हरिपाठाच्या चालीवर. खाम ताईंचा आरसाही आणलाय, लेक त्यावर वाफ सोडून बोटानं चित्रं काढते, मग परत 'हाऽऽ'.

खाम
हे मी माझ्या बाकीच्या मुलांना सांगणार. चित्रांची गोष्ट.

दुधनाकाठ
आज परत तपासलं. पोटॅशियम ३.९. वजन सतरा किलो सहाशे, मागच्या वेळेपेक्षा चारशे ग्रॅम जास्त. सासूबाईंनी आकडा देवघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.